मान आणि खांदा यांमधील अरुंद वाट : एका व्याधीचे प्रकार व कारणे

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जो बागायती पट्टा उभा राहिला, त्यातील बराचसा भार यंत्रे आल्यानंतरही माणसाच्या डोक्यावरून आणि खांद्यावरूनच वाहिला जातो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात, आणि दिवसभर कोयता चालवून बांधलेल्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवतात. बोरीच्या बागांत द्राक्षाची छाटणी करणारे मजूर मांडवाखाली तासन् तास हात उंच धरून उभे असतात. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत वेलीच्या शेंड्याकडील पानांसाठी हात सतत वर पोचवावा लागतो. आणि बाजार समित्यांच्या आवारात पोत्यांची थप्पी हमालांच्या पाठीवरूनच रचली जाते. अशा मुलखात हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, खांदा भरून येणे या तक्रारी इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की त्यांची स्वतंत्र कैफियत कोणी मांडत नाही. ‘नस दबली’ किंवा ‘मणक्यात गॅप पडली’ एवढ्या निदानावर माणूस मानेला पट्टा बांधतो आणि पुन्हा कामावर जातो.

हे निदान पुष्कळदा सत्याच्या जवळचे असते, कारण मानेच्या मणक्यांची झीज व मनगटातील मज्जातंतूवरील दाब हीच अशा तक्रारींची सर्वांत प्रचलित कारणे होत. परंतु काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत दोषाचे मूळ मणक्यातही नसते आणि मनगटातही नसते. ते या दोहोंच्या मध्ये, गळपट्टीच्या हाडामागील एका अरुंद वाटेत दडलेले असते. या वाटेतील दाबाने उत्पन्न होणाऱ्या विकारांना वैद्यकात थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की या एका नावाखाली तीन भिन्न व्याधी एकत्र बांधल्या गेल्यामुळे रुग्णाचे दुहेरी नुकसान झाले आहे: ज्यांत घाई करावयाची त्यांत विलंब होतो, आणि ज्यात थांबावयाचे त्यात कधी कधी घाई होते. या तिहींची कारणे शोधताना क्ष-किरण चित्राइतकेच महत्त्व रुग्णाच्या कामाच्या तपशिलाला दिले पाहिजे, आणि तो तपशील विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे फार क्षीण आहे.

प्रथम या वाटेची रचना पाहिली पाहिजे, कारण तिन्ही प्रकारांचे रहस्य तीतच आहे. मानेच्या मणक्यांपासून निघणारी खालची चार मुळे आणि छातीचे पहिले मूळ, अशी पाच मुळे एकत्र येऊन हाताच्या मज्जातंतूंचे जाळे तयार होते. हे जाळे मानेच्या बाजूने खाली उतरताना पुढचा आणि मधला अशा दोन स्केलीन स्नायूंमधील त्रिकोणी फटीतून जाते. या त्रिकोणाचा तळ म्हणजे छातीची पहिली बरगडी, आणि त्याच तळावरून हाताला रक्त नेणारी मुख्य धमनीही जाते. हातातून रक्त परत आणणारी नीला मात्र या त्रिकोणात शिरत नाही. ती पुढच्या स्केलीन स्नायूच्याही पुढून, गळपट्टीचे हाड व पहिली बरगडी जेथे एकमेकांजवळ येतात त्या कोपऱ्यातून छातीत उतरते. त्रिकोण ओलांडल्यावर मज्जातंतू व धमनी याच दोन हाडांमधील फटीतून, आणि त्यानंतर खांद्यापुढील लहान छाती-स्नायूच्या खालून काखेत येतात. दाब पडण्याची ठिकाणे अशी तीन, आणि दाबल्या जाणाऱ्या वस्तूही तीन. कोणत्या ठिकाणी कोणती वस्तू सापडली, यावरून व्याधीचे सगळे स्वरूप ठरते.

या मार्गाचा विशेष असा की त्याची रुंदी स्थिर नसते. हात वर नेला की गळपट्टीचे हाड मागे फिरून बरगडीकडे झुकते. खांद्यावर ओझे ठेवले की तेच हाड खाली दबते. दीर्घ श्वास घेतला की स्केलीन स्नायू आखडून पहिली बरगडी वर उचलली जाते. निरोगी माणसातही हात विशिष्ट रीतीने वर धरला असता मनगटाची नाडी मंद होते, कित्येकांत नाहीशीही होते. म्हणूनच नाडी लुप्त झाली एवढ्या एका चिन्हावरून रोग ठरविणे हे अन्यायाचे आहे, आणि दुर्दैवाने अनेक वर्षे हेच घडत होते.

या विषयाचा पूर्वेतिहास मुख्यतः एका जादा हाडाभोवती फिरतो. माणसापासून जिराफापर्यंत बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सातच मणके असतात, आणि मानेच्या मणक्यांना बरगड्या नसतात. परंतु शंभरांतील सुमारे अर्ध्या ते एका व्यक्तीत सातव्या मणक्याला जन्मतःच एक अपुरी वा पुरी बरगडी फुटलेली आढळते, आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसते. या मानेच्या बरगडीची नोंद प्राचीन काळी गॅलेनने केली होती. तिच्यामुळे हाताला होणाऱ्या त्रासाचे वर्णन १८२१ साली लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी केले. आणि १८६१ मध्ये त्याच शहरातील होम्स कूट यांनी ती शस्त्रक्रियेने काढून टाकली. पुढे असे ध्यानात आले की जादा बरगडी नसतानाही तशीच लक्षणे होतात. तेव्हा १९१० मध्ये मर्फी यांनी मेलबर्न येथे पहिली बरगडीच काढली, १९२७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे ॲडसन व कॉफी यांनी पुढचा स्केलीन स्नायू छेदण्याचा मार्ग सुचविला, १९४३ मध्ये फाल्कनर व वेडेल यांनी गळपट्टीचे हाड व बरगडी यांमधील दाबाकडे लक्ष वेधले, आणि १९४५ मध्ये राइट यांनी हात डोक्यावर घेऊन काम करण्याच्या व झोपण्याच्या सवयीचा संबंध दाखविला. प्रत्येकाने आपापले ठिकाण पाहिले आणि आपापले नाव दिले. १९५६ मध्ये पीट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सर्व नावे आजच्या एका शीर्षकाखाली आणली. व्यवहाराच्या सोयीसाठी ते इष्ट होते. परंतु ज्या दाव्यांचा निकाल वेगवेगळा लागावयाचा होता, ते सर्व तेव्हापासून एकाच दप्तरात पडले.

तिहींपैकी मज्जातंतूंचा प्रकार संख्येने सर्वांत मोठा. या नावाने नोंदल्या जाणाऱ्या शंभर रुग्णांतील नव्वदांहून अधिक याच वर्गात पडतात. पण या वर्गातही दोन जाती आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली जात निःसंशय, परंतु अत्यंत दुर्मीळ. दहा लाखांत एखादा रुग्ण असे तिचे प्रमाण सांगितले जाते. यात सातव्या मणक्याच्या लांबलेल्या टोकापासून किंवा अपुऱ्या मानेच्या बरगडीपासून निघालेला तंतुमय पट्टा ताणून बांधलेल्या दोरीसारखा पहिल्या बरगडीपर्यंत गेलेला असतो, आणि छातीचे पहिले मूळ, जे मुळातच खालून वर चढून मग हाताकडे वळते, ते त्या पट्ट्यावर वर्षानुवर्षे घासत राहते. रुग्ण बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन स्त्री असते. वेदना फार नसतात, म्हणून ती दवाखान्यात उशिरा येते. येते तेव्हा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजलेला असतो, सुईत दोरा ओवणे किंवा पिशवीची गाठ सोडणे तिला जड जाते, आणि करंगळी व कोपराखालील हाताची आतली बाजू बधिर असते. येथे एक बारकावा आहे आणि तो प्रत्येक वैद्याने मनात बाळगावा असा आहे. मनगटात मज्जातंतू दबला तरीही अंगठ्याचा उंचवटा झिजतो, पण तेव्हा बधिरता अंगठा, तर्जनी व मध्यमा या बोटांत असते. झीज अंगठ्याशी आणि बधिरता करंगळीकडे असा विसंवाद दिसला, तर दोष मनगटात नसून वर आहे असे समजून मानेचे क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. १९७० मध्ये इंग्लंडच्या गिलियट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या हाताचे जे वर्णन केले, ते आजही प्रमाण मानले जाते.

दुसरी जात वादग्रस्त आहे. मान, खांदा व हात दुखतात, मुंग्या येतात, हात वर धरला की तो गळून जातो, पण झीज दिसत नाही. मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी निर्दोष येते, चित्रातही काही सापडत नाही. १९६६ मध्ये डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यानंतर अशा असंख्य रुग्णांवर अमेरिकेत शस्त्रक्रिया झाल्या. आणि काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेनेच मज्जातंतूंना कायमची इजा झाल्याचे पुढे उघडकीस आले. १९९० मध्ये रूस आणि मज्जातंतुतज्ज्ञ विल्बर्न यांनी एकाच नियतकालिकात परस्परविरोधी पक्ष मांडले: एकाचे म्हणणे की ही व्याधी ओळखली जात नाही, दुसऱ्याचे म्हणणे की ती वाजवीपेक्षा फार ओळखली जाते. या वादात दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश आहे. रुग्णाचा त्रास खोटा नसतो, त्याच्या दुःखाची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दुःख खरे आहे म्हणून बरगडीच दोषी आहे असे सिद्ध होत नाही. जेथे पुरावा केवळ तक्रारीचा आहे, तेथे काही महिने शास्त्रशुद्ध व्यायाम, कामाच्या पद्धतीत बदल आणि संयम हाच प्रथम इलाज होय.

नीलेचा प्रकार याच्या अगदी उलट, म्हणजे तातडीचा. शंभरांत तीन ते पाच रुग्ण या प्रकारात मोडतात. १८७५ मध्ये जेम्स पॅजेट यांनी आणि १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन श्रोएटर यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले, म्हणून तो दोघांच्या जोडनावाने ओळखला जातो. धट्टाकट्टा तरुण, बहुधा उजव्या हाताने भरपूर श्रम करणारा; त्याने एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक जोर केलेला असतो, आणि एका दिवसात सगळा हात सुजून जड व निळसर होतो, खांद्यावर आणि छातीवर एरवी न दिसणाऱ्या शिरा उमटतात. गळपट्टीचे हाड, पहिली बरगडी आणि त्यांमधील स्नायुबंध यांच्या कात्रीत नीला वारंवार चिरडली जाऊन तिची भिंत जाड झालेली असते. श्रमाच्या निमित्ताने तीत रक्ताची गुठळी जमते. परदेशी ग्रंथांत येथे पोहणारे व चेंडू फेकणारे खेळाडू उदाहरणादाखल येतात. आपल्याकडे तालमीतला मल्ल, व्हॉलीबॉलपटू, किंवा गोदामात साखरेच्या थप्पी लावणारा हमाल यांच्या बाबतीत हीच शंका घ्यावी लागेल. अशा हाताला ‘लचक भरली’ म्हणून तेल लावून चोळणे हा घातक प्रकार आहे, कारण गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. गुठळी विरघळविण्याचा उपचार साधारणतः पहिल्या दोन आठवड्यांत झाला तर यशाची शक्यता मोठी असते. ती मुदत टळली की हात पूर्ववत होण्याची आशा कमी होत जाते.

धमनीचा प्रकार सर्वांत विरळ, शंभरांत एखादा, आणि सर्वांत भयावह. यात बहुतेक नेहमी हाडाचाच दोष सापडतो: पूर्ण वाढलेली मानेची बरगडी, किंवा वेडीवाकडी पहिली बरगडी. १९१६ मध्ये अमेरिकेतील शल्यवैद्य हॅल्स्टेड यांनी दाखविले की धमनी हाडाने दबली असता दाबाच्या पलीकडे ती फुगते. त्या फुगलेल्या भागात गुठळ्या जमतात आणि त्यांचे कण बोटांच्या बारीक धमन्यांत जाऊन अडकतात. प्रारंभी एखादे बोट पांढरे व गार पडते, दुखते, मग बरे वाटते. काही दिवसांनी दुसरे बोट. अखेर बोटाचे टोक काळे पडते. विडी ओढणाऱ्या पुरुषांत रक्तवाहिन्यांच्या दाहाने अशीच लक्षणे होतात, म्हणून विडीला दोष देऊन वैद्य स्वस्थ बसतो. पण तरुण व्यक्ती, विशेषतः तंबाखूचा स्पर्शही नसलेली स्त्री, एकाच हाताच्या गार बोटांची तक्रार घेऊन आली, तर दोन्ही हातांचा रक्तदाब मोजणे, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून एखादे टणक हाड किंवा उसळणारी गाठ लागते का ते पाहणे, आणि एक साधे क्ष-किरण चित्र घेणे, एवढ्यावर तिचा हात वाचू शकतो. या तीनही गोष्टी तालुक्याच्या रुग्णालयात होण्याजोग्या आहेत.

आता कारणांकडे वळू. मानेची बरगडी, लांबलेला मणका, तंतुमय पट्टे, स्केलीन स्नायूंच्या जुळणीतील फरक ही जन्मजात कारणे. परंतु मानेची बरगडी असलेल्या बहुसंख्य माणसांना जन्मभर तिचा पत्ताही नसतो. अर्थात जन्माने मिळते ती केवळ अरुंद जागा. तीत व्याधी उत्पन्न होण्यास बहुधा दुसरे काही घडावे लागते. ते कधी अपघाताच्या रूपाने घडते: पुणे-सोलापूर महामार्गावर मागून धडक बसून मानेला हिसका बसणे, किंवा दुचाकीवरून पडून गळपट्टीचे हाड मोडणे व ते जुळताना तेथे हाडाची जाड गाठ बनणे. कधी ते रोगाच्या रूपाने येते. फुप्फुसाच्या शेंड्यावरील कर्करोग याच जाळ्याच्या खालच्या मुळांना ग्रासतो, म्हणून वयस्क धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या खांद्यात सतत वेदना, बोटांत अशक्तता आणि त्याच बाजूची पापणी किंचित झुकलेली दिसली, तर छातीचे चित्र काढण्यात एक दिवसही दवडू नये.

आणि पुष्कळदा ते कामाच्या रूपाने येते. या ठिकाणी सर्व ओझी सारखी मानणे चुकीचे होईल. तीस-चाळीस किलोंच्या घरातील उसाची मोळी डोक्यावर घेतली असता भार सरळ मानेच्या मणक्यांवर पडतो, आणि मान ताठ ठेवण्यासाठी स्केलीन स्नायू सतत आखडलेले राहतात. अशा माणसाच्या हाताला मुंग्या आल्या तर प्रथम मणक्याची झीज शोधणे योग्य होय. खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागावर पोते घेतले असता मात्र गळपट्टीचे हाड प्रत्यक्ष खाली दाबले जाऊन बरगडीशी भिडते. साखरेचे पोते पूर्वी शंभर किलोंचे होते, आता पन्नास किलोंचे असते. हा बदल खांद्याच्या दृष्टीने मोठाच कल्याणाचा आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा कारखान्यात डोक्यावरील जोडकामाचे वेल्डिंग करताना ओझे नसते, तरीही हात उंच राहिल्यामुळे तिन्ही फटी एकदम अरुंद होतात. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी उरकण्याची घाई असताना हे काम दिवसामागून दिवस सलग चालते. बारामतीच्या वस्त्रोद्योग उद्यानात शिलाई यंत्रावर तासन् तास खांदे पुढे ओघळवून बसणाऱ्या स्त्रियांत छातीपुढचा लहान स्नायू आखूड होतो. यांतील प्रत्येकाला ही व्याधी जडते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ज्याची वाट जन्मतःच अरुंद आहे त्याच्या वाट्याला यांपैकी कोणते काम आले, हे विचारल्यावाचून कारणाचा शोध पुरा होत नाही, एवढेच म्हणणे आहे. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर ही चौकशी आणखी कठीण, कारण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो काम थांबवू शकत नाही, आणि हंगाम संपताच आपल्या तक्रारीसह तो दुसऱ्या जिल्ह्यात निघून जातो.

महाराष्ट्रात एका भेदाचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. करंगळी बधिर आणि पंजा झिजलेला असा हात दिसला की येथे कुष्ठरोगाचा विचार अग्रक्रमाने केला पाहिजे. त्यात कोपरामागील मज्जातंतू बोटाला जाड व दुखरा लागतो, अंगावर कोठे तरी संवेदना गेलेला फिकट चट्टा सापडतो, आणि बधिरता मनगटाच्या फारशी वर चढत नाही; गळपट्टीमागील वाटेतल्या दाबात ती कोपराखालच्या आतल्या बाजूवर पसरलेली असते. कुष्ठरोगावर शासनातर्फे मोफत आणि खात्रीचा औषधोपचार मिळतो, म्हणून ही तपासणी चुकली तर ती अक्षम्य चूक ठरते. किशोरवयीन मुलाचा एकच पंजा वेदनेशिवाय आणि बधिरतेशिवाय झिजत असेल, तर मानेतील मज्जारज्जूचा हिरायामा विकार आठवावा. डावा हात दुखून छातीत दडपण येत असेल, तर सर्वप्रथम हृदयाचा आलेख काढावा. बरगडीचा विचार नंतर.

उपचारांविषयी फार लिहिण्याची येथे आवश्यकता नाही, कारण प्रकार नीट ठरला की उपचार जवळजवळ आपोआप ठरतो: वादग्रस्त जातीत व्यायाम आणि कामातील बदल; झीज दाखविणाऱ्या खऱ्या जातीत तंतुमय पट्टा व जादा बरगडी काढणे, ज्याने वेदना थांबतात परंतु गेलेला स्नायू क्वचितच भरून येतो; नीलेच्या प्रकारात गुठळी विरघळवून पुढे पहिली बरगडी काढणे; धमनीच्या प्रकारात हाड काढून फुगलेला भाग बदलणे. यांतील शेवटच्या दोहोंसाठी रक्तवाहिन्यांचा शल्यवैद्य लागतो, आणि तो सामान्यतः पुणे किंवा सोलापूर येथे गाठावा लागतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. तेथील विद्यार्थ्याला रुग्णाच्या टिपणात वय आणि गाव यांच्याशेजारी कामाचा तपशीलही लिहिण्याची सवय लावली जावी: कोणते ओझे, शरीराच्या कोणत्या भागावर, हात किती वेळ उंच, कितव्या हंगामापासून. या चार प्रश्नांना खर्च काहीच नाही, आणि या तालुक्यांइतके त्यांचे उत्तर महत्त्वाचे ठरावे अशी ठिकाणे थोडी.

वाचकांना, आणि त्यांच्या द्वारे त्यांच्या शेतात व कारखान्यात राबणाऱ्यांना, एवढीच विनंती आहे की एक हात एकाएकी सुजून निळसर पडला, किंवा एकाच हाताची बोटे पुनःपुन्हा पांढरी व गार पडू लागली, तर चोळणे, शेकणे आणि वाट पाहणे यांत दिवस न घालविता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तेथे आपण काय काम करतो हे न विचारताही सांगावे.